हवानाचं रक्षण, वुडलँड्स शाखा

परदेशात आम्ही राहतो त्या वुडलँड्समधल्या कम्युनिटी क्लबने या वर्षीचा सांस्कृतिक मेळावा 'जगातली बंदरं' या विषयावर ठेवला. प्रत्येक मंडळाने चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत निघेल त्या बंदरावर छोटा कार्यक्रम बसवायचा. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्वास यांनी डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटून डब्यात हात घातला. हवाना निघालं. मुंबई गुजराती समाजाकडे गेली.

यावर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस पेटून चर्चा झाली. त्यात हवानाचा उल्लेख आला नाही.

मी बेबी तागडे. घरच्यांचा विचार होता की पाळण्यातलं नाव म्हणून सध्या बेबी ठेवू, मोठं नाव सावकाश शोधू. ते शोधायचं राहून गेलं आणि आता माझ्या लॅबच्या दारावर 'डॉ. बेबी' अशी पाटी आहे. मी गंजावर संशोधन करते. समुद्राच्या पाण्यात जहाजाचा पत्रा कसा कुजतो, वरून रंग ठीकठाक दिसत असताना खाली काय चाललेलं असतं, हा माझा विषय. नवरा प्रमोद गोदीत इंजिनिअर आहे आणि मंडळाच्या कार्यक्रमांच्या दिवशी त्याला हटकून ड्यूटी लागते. ती तो मागून घेतो असा माझा संशय आहे.

मंडळात आम्ही गेलो ते मुलीच्या मराठीसाठी. पहिल्याच दिवशी विश्वासनी प्रेमाने चौकशी केली होती.

"तागडे म्हणजे कुठले?"

"नागपूरचे."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचेही नागपूरचेच."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी आपल्या खणात जाऊन बसलं ते मला दिसलं. "नागपूर. संत्री."

तेव्हापासून आमचे संबंध उत्तम होते. ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या पॉटलकला मी नेलेलं पातोडीच्या रश्शाचं भांडं दर वेळी झाकणासकट जसंच्या तसं परत यायचं. तिखट असेल म्हणून, असं सगळे सांगायचे. झाकण न काढता तिखट कळण्याची ही विद्या मला अजून अवगत झालेली नाही.

तर हवाना. विश्वासच्या काँडोत, म्हणजे तलाव-जिमवाल्या खासगी सोसायटीत, कमिटीची बैठक भरली. हवानामध्ये काय असतं याचा शोध घेतल्यावर सिगार आणि जुन्या गाड्या एवढंच हाती लागलं. मुलांच्या तोंडात सिगार देता येणार नाही आणि गाडी स्टेजवर चढणार नाही. विश्वासची बायको सुचित्रा मंडळाची कायमची दिग्दर्शिका. ती म्हणाली, नऊवारीत साल्सा करू. यावर कमिटीतल्या दोघींनी टाळ्याही वाजवल्या.

तेव्हा मी सांगितलं की कादंबरीने शाळेत हवानावरच प्रोजेक्ट केलंय आणि त्यावर एक नाटुकलंही लिहिलंय. कादंबरी माझी मुलगी, वय वर्षं तेरा. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, इंग्रजीत विचारलं की खांदे उडवते. पण या विषयावर तिला विचारलं की ती बोलतच सुटायची. मैत्रिणींपेक्षा जास्त काळ ती हवानाला पडलेल्या एका जुन्या वेढ्यातच राहत होती.

तिने सगळ्यांना समजावलं. सतराशे बासष्ट साली इंग्रजांचं प्रचंड आरमार हवानावर चालून आलं. शहर स्पेनच्या ताब्यात. तिथे स्वतंत्र काळ्या माणसांच्या मिलिशिया होत्या, म्हणजे त्याच शहरातले सुतार, शिंपी, गवंडी, दिवसा धंदा करायचे आणि उरलेल्या वेळात कवायत. त्यांचे कप्तान त्यांच्यातलेच. वेढा पडला तेव्हा हे लोक उभे राहिले. गुलाम काळ्यांनाही सांगण्यात आलं, लढा, स्वातंत्र्य देऊ. तेही लढले. दोनेक महिने झुंज चालली आणि मग शहर पडलं. पुढच्या वर्षी ते स्पेनला परत मिळालं. मग ज्यांना शब्द दिला होता त्यातल्या काहींना स्वातंत्र्य मिळालं, बाकीच्यांना म्हणाले, लढलात याचा पुरावा आणा.

"आणि नंतर," ती इंग्रजीत म्हणाली, "साधारण ऐंशी वर्षांनी त्यांनी त्या मिलिशियाच बंद करून टाकल्या. भीती वाटायला लागली त्यांची."

विश्वास एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. ते सगळं ऐकून घेतात, मग त्याचं त्यांना झेपेल असं काहीतरी करतात.

"म्हणजे समुद्रकिल्ल्यात हबशी आणि बाहेरून हल्ला," ते म्हणाले. "हा तर जंजिरा झाला."

"थोडासा," मी म्हणाले.

"मग यात आपण कोण?"

चौथीच्या पुस्तकापासून समुद्रातल्या किल्ल्यावर काळा माणूस दिसला की तो पलीकडच्या पार्टीचा, हे सगळ्यांच्या रक्तात होतं. किल्ला त्याने राखला तर टाळ्या कुठे वाजवायच्या, हा प्रश्न रास्त होता.

"काका, यात आपण नाहीच आहोत," कादंबरी म्हणाली. "देअर इज नो 'आपण' लाह." लाह हे इथल्या बोलीतलं वाक्याचं शेपूट.

"असं कसं, बेटा? मंडळाचा कार्यक्रम आहे."

अखेर दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून नाटुकलं मंजूर झालं. शेवट मात्र खटकला. शहर पडतं आणि काळा कप्तान गव्हर्नरसमोर उभा राहून विचारतो, आम्ही लढलो, आता तुमचा शब्द कुठे आहे? सुचित्राचं म्हणणं, जेवणाआधी एवढं दुःख बरं नाही, शेवटी एक ग्रुप डान्स टाकू. कादंबरी हटून बसली. तडजोड झाली ती अशी की कप्तानाचं भाषण राहील, डान्स त्याच्यानंतर. आणि कप्तान कादंबरीच, अर्थातच, तिनेच लिहिलंय. हे 'अर्थातच' विश्वासनी दोनदा म्हटलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तालमी काँडोच्या फंक्शन रूममध्ये सुरू झाल्या. एका शनिवारी मी कादंबरीला घ्यायला गेले तर मंडळाची मुलं रांगेत उभी होती आणि सुचित्रा एका वाटीत बोटं बुडवून त्यांच्या तोंडाला काळं फासत होती. वाटीत काजळी आणि खोबरेल तेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'आदिवासी नृत्य' असायचं तेव्हाची ही कृती. सुचित्राला त्या नृत्यात बक्षीस मिळालं होतं. पुण्यातल्या गोऱ्यागोमट्या मुली तोंड काळं करून, कमरेला कागदी झिरमिळ्या लावून हू हू करायच्या आणि पाहुणे कौतुकाने माना डोलवायचे. माझ्या शाळेतही असायचं ते. मी रांगेत उभी राहिले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हिला नको, पुढची घ्या.

खोलीत तेलाचा वास भरला होता. मुलं एकमेकांकडे बघून माकडासारखे आवाज काढत होती. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, रंग लागल्याबरोबर आपोआप आलं. एक आई मोबाईलवर शूटिंग करत होती.

"ये गं, बेबी," सुचित्रा म्हणाली. "तुझ्या लेकीचं काम सोपं. तिला काही लावायलाच नको, ती तयारच आहे."

बाकीच्या आया हसल्या. दुष्टपणाने नाही. वेळ वाचला म्हणून हसल्या.

"कुणालाच लावायचं नाही, सुचित्रा," मी म्हणाले. "हे असं करत नाहीत."

"अगं, शाळेत नाही का आपण लावायचो?"

"म्हणून तर सांगतेय."

सुचित्राचा मुलगा तन्मय, कादंबरीच्याच वयाचा, पांढरे डोळे फिरवत म्हणाला, "ममी, कॅनॉट लाह. दे विल कॅन्सल यू." सुचित्राने बोटाला उरलेली काजळी त्याच्या नाकाला पुसली.

मग त्यांनी दिवे मारून पाहिले. सुचित्रा लांब जाऊन उभी राहिली, हातांची चौकट करून बघितलं आणि परत येऊन माझा दंड धरला. तिचं बोट तेलकट होतं.

"एक सांगू? रागावू नकोस हं. कादंबरी स्टेजवर दिसतच नाहीये. मागचा पडदा गडद, त्यात ती. आणि तन्मय बघ, रंग लावल्यामुळे कसा चमकतोय, उठून दिसतो. तर कप्तान त्याला करू आणि कादंबरीला आवाज देऊ. पडद्यामागून माइकवर. तिचं इंग्लिश किती छान आहे."

"म्हणजे काळ्या कप्तानाच्या कामाला ती जास्त काळी पडते?"

"असं म्हटलं का मी? लाइटिंगचा प्रॉब्लेम आहे हा. तू ना, प्रत्येक गोष्टीचा वेगळा अर्थ काढतेस."

मी विश्वासकडे बघितलं. ते खिडकीशी उभं राहून कुणालातरी मेसेज टाइप करत होते, आणि मला नक्की माहीत होतं की ते काहीही टाइप करत नव्हते.

बसमध्ये मी कादंबरीला म्हणाले, "स्क्रिप्ट काढून घेऊ. तुझी आहे."

ती बाहेर बघत होती. "देन हू विल से इट?"

"काय?"

"शेवटचं. कप्तानाचं." हे ती मराठीत म्हणाली. "मला ते म्हणायचंय, आई. पडद्यामागून तर पडद्यामागून. पण मला खरं समोरून म्हणायचंय."

बस्स, एवढंच तिला हवं होतं. एका तेरा वर्षांच्या मुलीला, तिने स्वतः लिहिलेलं भाषण, स्वतःच्या तोंडाने, लोकांकडे बघून म्हणायचं होतं. मागणी फार नव्हती, असं मला आजही वाटतं.

पुढे जे झालं ते त्या शूटिंग करणाऱ्या आईच्या कौतुकामुळे झालं. तिने व्हिडिओ फेसबुकवर टाकला. खाली 'अवर लिटल वॉरियर्स' असं लिहून तीन हृदयं. दोन दिवसांत तो वुडलँड्सच्या रहिवाशांच्या ग्रुपवर फिरला आणि तिथल्या लोकांनी तो वेगळ्या कौतुकाने बघितला. काजळी फासलेली मुलं, माकडांचे आवाज, मागे 'मराठी मंडळ' असा बॅनर. क्लबकडे तक्रारी गेल्या. क्लबने मंडळाला खुलासा करायला बोलावलं.

आमच्याकडचे बहुतेक लोक एम्प्लॉयमेंट पासवर आहेत. हा पास म्हणजे इथल्या सरकारने परदेशी माणसाला दिलेली कामाची परवानगी. तो गेला की काँडो, गाडी, मुलांच्या शाळा, सगळं गेलं. त्यामुळे ग्रुपवर कालपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपापल्या टाळ्या डिलीट केल्या. ज्याने त्याने कळवलं की आपण त्या दिवशी तालमीला नव्हतो. त्या संध्याकाळच्या फंक्शन रूममध्ये आता तन्मय आणि वाटी एवढेच उरले.

आणि मग एका संध्याकाळी आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात विश्वास आणि सुचित्रा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

क्लबपर्यंत येता यायचं, आमच्या फ्लॅटपर्यंत मात्र वुडलँड्स त्यांना लांब पडायचं. लिफ्टला वेळ लागतो असंही ऐकलं होतं. आत येताना सुचित्राने उंबऱ्यापासूनच घराचं कौतुक सुरू केलं, किती हवेशीर, किती मोकळं, समोर खाडीपलीकडचं जोहोर दिसतं का गं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. विश्वास त्यासमोर क्षणभर थांबले.

"छान फ्रेम आहे," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात पातोडीचा रस्सा उकळत होता. सुचित्रा म्हणाली, "अय्या, पातोडी? मला थोडी दे ना." मी वाटी दिली. ती खाताना तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहायला लागलं. ती रुमालाने पुसत राहिली आणि म्हणाली, "काय चव आहे, इतके दिवस का नाही आणलीस?" मग तिने दुसऱ्यांदा मागितली. मी वाढली. घशाखाली उतरत नसताना गिळत राहणाऱ्या माणसाकडे बघणं फार किळसवाणं असतं. पण मी बघितलं, सगळी वाटी संपेपर्यंत.

विश्वास मुद्द्यावर आले. "परवा क्लबमध्ये मीटिंग आहे. मिस नोराइनी म्हणून ऑफिसर आहेत. तुम्ही दोघी आलात तर फार मदत होईल. कादंबरीने फक्त एवढंच सांगायचं की नाटक तिचंच आहे आणि त्या रंगाबद्दल तिला काही वाटलं नाही. आपल्या कलेचा भाग आहे, असं काहीतरी."

"मी तर नको म्हटलं होतं."

"हो, हो, म्हणूनच. तुमच्या लोकांनी सांगितलं तर त्याला वजन येतं."

"आमच्या लोकांनी म्हणजे नागपूरच्या?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला उच्चारता येतं का ते बघत होते."

सुचित्राने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "बेबी, आता जुनं उगाळायची वेळ आहे का? मंडळावर आलंय. आपण सगळे एक आहोत ना?"

"आणि कप्तान कादंबरीच," विश्वास म्हणाले. "रंग रद्द. लाइटिंगचं आम्ही बघून घेऊ. मीटिंग नीट पार पडली की लगेच जाहीर करतो. माझा शब्द."

कादंबरी तिच्या खोलीच्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. विश्वासनी तिला पाहून हात पुढे केला. "काय मग, कप्तान? वाचवणार ना आम्हाला?"

"आय विल कम," कादंबरी म्हणाली.

ते गेल्यावर मी सुचित्राची वाटी घासायला घेतली आणि बराच वेळ घासत राहिले. कादंबरी ओट्याला टेकून उभी राहिली.

"तू यायची गरज नाही," मी म्हणाले. "मी एकटी जाते. किंवा कुणीच जात नाही. बुडू दे त्यांना."

"आई, धिस इज एक्झॅक्टली दॅट. लढा, मग देऊ."

"तेच म्हणतेय मी. म्हणून जाऊ नकोस."

"नाही. त्यांनी ऑर्डर चुकवली." ती विचार करत बोलत होती, गणित सोडवावं तसं. "हवानामधले लोक. आधी लढले, मग मागितलं. आधी मागायचं असतं. सगळ्यांसमोर."

क्लबमधली मीटिंग लहान खोलीत होती, एसी कडक. मिस नोराइनी डोक्याला फिकट निळा स्कार्फ बांधलेली, थकलेली, सभ्य बाई. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हे प्रकरण जेवणाच्या सुट्टीआधी मिटवायचं आहे. विश्वासनी इंग्रजीत भाषण केलं. त्यात 'कल्चरल कॉन्टेक्स्ट' फार वेळा आलं. काजळी ही आमच्याकडे शुभ मानतात, असंही ते म्हणाले. सुचित्राने मान डोलावली. मग विश्वासनी कादंबरीच्या पाठीवर हात ठेवून तिला खुर्चीसकट किंचित पुढे सरकवलं.

"हिनेच हे नाटक लिहिलंय," ते म्हणाले. "आमच्या समाजाच्या वेगळ्या... घटकातली आहे. तिलाच विचारा."

मिस नोराइनीने विचारलं, तुला त्या रंगाबद्दल काय वाटलं?

"आधी एक विचारू शकते?" कादंबरी इंग्रजीत म्हणाली. "विश्वासकाकांना."

"विचार."

"काका, कप्तान कोण आहे?"

विश्वास हसले. "तूच, बेटा. सांगितलं ना."

"रंगाशिवाय? आणि शेवटचं भाषण माझं?"

"अर्थातच."

"मिस नोराइनी, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं.

"थँक यू." कादंबरीने खुर्ची होती तिथे मागे घेतली. "मला ते आवडलं नाही. आईने नको म्हणून सांगितलं होतं. आंटीने ऐकलं नाही. आंटी म्हणाली की मला रंगाची गरज नाही, आणि मग म्हणाली की मी स्टेजवर दिसत नाही, म्हणून तन्मयला काळा करून कप्तान केलं."

मिस नोराइनीने पेन खाली ठेवलं.

"कादंबरी," विश्वास मराठीत, दात न उघडता म्हणाले, "असं ठरलं नव्हतं आपलं."

"काय म्हणताहेत ते?" मिस नोराइनीने मला विचारलं.

मी संशोधक आहे, अचूकतेची सवय आहे. मी शब्दशः भाषांतर करून सांगितलं.

निर्णय लगेच झाला. मंडळाने लेखी माफी मागायची. कार्यक्रम रद्द केला तर चर्चा वाढेल, म्हणून तो होणार, रंगाशिवाय, आणि अध्यक्षांनी आत्ताच सांगितल्याप्रमाणे कप्तानाची भूमिका या मुलीकडे. विश्वासनी मान हलवली. बाहेर लिफ्टपाशी सुचित्रा मला एवढंच म्हणाली, "तुला बहीण मानलं होतं मी." कधीपासून, ते तिने सांगितलं नाही. बहुधा पातोडीपासून.

त्या रात्री ग्रुपवर एकेक करून निरोप यायला लागले. याची परीक्षा आहे, तिचा पाय मुरगळला, त्यांचं अचानक पुलाउ उबीनला सायकलिंग ठरलं. मेळाव्याच्या दिवशी सकाळी परत येता येईल अशा अंतरावरच्या बेटावर इतकी कुटुंबं एकदम अडकून पडायची होती. आठवडाभरात हवानाचा किल्ला रिकामा झाला. इंग्रज मात्र सगळे हजर राहिले. हल्ला करणाऱ्यांच्या आयांना काहीच अडचण नव्हती.

कादंबरीला कप्तानपद मिळालं होतं आणि तिच्याकडे एकही सैनिक नव्हता.

दर वर्षी चौदा एप्रिलला आम्ही काही कुटुंबं तोआ पायोहला अर्जुनच्या घरी जमतो. अर्जुन चिप डिझाइन करतो, उज्ज्वल पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो, राणी औषधांच्या कंपनीत आहे. मी काही मागितलं नव्हतं, नुसतं फोनवर सांगितलं होतं, शिव्यांसकट. शनिवारी तिघे आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. मंडळाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी माणसं. अर्जुनचं पोट पट्ट्याबाहेर, उज्ज्वलच्या गुडघ्याला पट्टा.

"मिलिशिया म्हणजे कामधंदा सांभाळून कवायत करणारे ना?" उज्ज्वल म्हणाला. "मग आम्हीच की."

"किल्ला पडतो शेवटी," कादंबरीने त्यांना बजावलं.

"पडू दे गं," राणी म्हणाली. "उभं कुठे राहायचं ते दाखव."

तन्मयही आला. धुतलेल्या तोंडाने, बसने, एकटाच. "आय ऑलरेडी नो द लाइन्स लाह," तो जमिनीकडे बघत म्हणाला. कादंबरीने त्याला ढोलकीवाला केला. कप्तानाच्या मागे, डावीकडे.

मेळाव्याच्या संध्याकाळी किल्ल्यावर चाळिशीतले तीन शास्त्रज्ञ, एक ढोलकीवाला मुलगा आणि एक कप्तान, एवढी फौज होती. मागचा पडदा प्रमोदने बदलून घेतला, पांढरा. त्या दिवशी त्याला ड्यूटी नव्हती. समोरून मंडळाची मुलं लाल जाकिटं घालून आली. त्यांच्या आयांनी पहिल्या रांगेतून जोरदार टाळ्या वाजवल्या. समुद्रातून किल्ल्यावर हल्ला होत होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. मागच्या रांगांत मलय, चिनी, तमिळ कुटुंबं होती, त्यांना कुणी चौथीचं पुस्तक शिकवलेलं नव्हतं. ती किल्ल्याच्या बाजूने ओरडत होती.

शहर पडलं. कादंबरी पुढे आली. तिच्यावर प्रकाश होता आणि ती दिसत होती, हे मी माझ्या व्यवसायाच्या जबाबदारीने सांगते. शेवटच्या रांगेतूनही दिसत होती. "तुम्ही शब्द दिला होता," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीवर आम्ही उभे होतो. भिंत पडली तेव्हाही आम्हीच उभे होतो. आता पुरावा मागता? आमच्याकडे बघा." ती लोकांकडे बघून बोलली, कुठेही न अडखळता. ग्रुप डान्स झाला नाही, तो करायला कुणी उरलं नव्हतं.

टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. मिस नोराइनी उभी राहिली. क्लबच्या मोठ्या साहेबांनी माइक घेऊन सांगितलं की सर्वांत धाडसी कार्यक्रमाचं पारितोषिक मराठी मंडळाला. आणि झालेल्या चुकीतून इतक्या मोठ्या मनाने शिकणारा समाज क्वचित पाहायला मिळतो.

विश्वास स्टेजवर गेले. जॅकेटची बटणं लावत गेले. ट्रॉफी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "आमचं मंडळ नेहमीच सगळ्यांना बरोबर घेऊन चालत आलंय. हे आमच्या संस्कारांतच आहे." सुचित्राने खालून फोटो काढला. पुलाउ उबीनला गेलेली कुटुंबं सभागृहात कुठून कुठून उगवली आणि फोटोसाठी स्टेजवर चढली. ग्रुपवर डिलीट केलेल्या टाळ्या परत यायला लागल्या, माझा फोन खिशात थरथरत राहिला.

मी विंगेत गेले. तिथे अर्जुन घाम पुसत होता, उज्ज्वल गुडघ्याचा पट्टा सोडत होता. कादंबरी कप्तानाचा कोट घालून पेटीवर बसली होती आणि स्टेजवरची ती गर्दी बघत होती.

"आई, म्हणजे आपण त्यांना वाचवलं?"

"हो."

"वी डिफेंडेड देम लाह."

"हो."

स्टेजवरून विश्वासचा आवाज आला, "कप्तान कुठेय आपला? कादंबरी, ये, ये, पुढे उभी राहा. सगळ्यांत पुढे."

ती उठली नाही. कोटाची बटणं काढायला लागली, वरून खाली, सावकाश.

"भाषण नीट झालं?" तिने विचारलं.

"झालं. सगळ्यांनी ऐकलं."

"मग मला भूक लागलीये," ती म्हणाली. तन्मय ढोलकी काखोटीला मारून तिच्याकडे बघत होता. स्टेजवर जायचं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. तिने कोट त्याच्या हातात दिला आणि आम्ही मागच्या दाराने जेवायला निघालो.